जुन्या हर्बेरियम शीटांवरून याम जातीचं पुनर्वर्गीकरण: कामाचा क्रम

याम म्हणजे डायोस्कोरिया या जीनसमधल्या (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) कंदवेली. कोनफळ आणि करांदा यांना सगळे ओळखतात, पण या जीनसमध्ये सहाशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या, आणि पुष्कळशा अशा की त्यांची सगळी माहिती जगभरच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांतल्या, मोजक्या शीटांत सामावलेली आहे. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी एक फांदी तोडली, वाळवली, कागदावर चिकटवली. पुढे कुणीतरी तिच्यावरून जात वर्णिली. त्यानंतर त्या कपाटाकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

हे काम हर्बेरियममध्ये बसूनच का करायचं, याला आकड्यांचा आधार आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नव्याने वर्णिलेल्या सपुष्प वनस्पतींपैकी फक्त १६ टक्के जातींचं वर्णन पहिल्या संकलनानंतर पाच वर्षांच्या आत झालं होतं. जवळजवळ एक चतुर्थांश वर्णनांत पन्नास वर्षांहून जुने नमुने वापरावे लागले होते. २०१५ मधल्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की उष्ण कटिबंधातल्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवरचं नाव बहुधा चुकीचं आहे. तेव्हा कपाटात अनोळखी जाती आहेत, आणि ओळखीच्या नावाखाली भलत्याच वनस्पतीही आहेत.

सगळं काम दोन प्रश्नांवर उभं आहे. या शीटांमध्ये जाती किती? आणि त्यांना कोणतं नाव लागू होतं? पहिल्याचं उत्तर वनस्पतीत सापडतं, दुसऱ्याचं छापील कागदांत आणि नामकरणाच्या नियमांत. हे दोन प्रश्न एकत्र हाताळले की घोळ झालाच म्हणून समजा. नाव आधी मनात ठेवून शीट पाहिली की डोळा त्या नावाला सोयीचं तेच पाहतो.

कोणत्या प्रकारचा बदल करायचा आहे?

‘पुनर्वर्गीकरण’ या एका शब्दाखाली बरीच वेगळी कामं येतात. दोन जाती एकच आहेत असं दाखवून एक नाव दुसऱ्याचं समनाम करणं. समनाम म्हणून गाडलेलं नाव पुन्हा वर काढणं. उपप्रकाराला जातीचा दर्जा देणं. जात एका जीनसमधून दुसऱ्यात हलवणं. आणि यातलं काहीच लागू पडत नसेल तर नवी जात वर्णिणं.

यामच्या बाबतीत जीनस बदलण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालेलंच आहे. टॅमस, राजानिया, एपिपेट्रम, बोर्डेरिया हे एकेकाळचे स्वतंत्र जीनस आता डायोस्कोरियात गणले जातात. टॅमस कम्युनिस या युरोपातल्या वेलीचं आजचं नाव २००२ पासून ‘डायोस्कोरिया कम्युनिस (एल.) कॅडिक अँड विल्किन’ असं लिहितात. कंसातला ‘एल.’ म्हणजे लिनियस, मूळ नाव देणारा. कंसाबाहेरचे दोघे ते नाव नव्या जीनसमध्ये आणणारे. तुमच्या अल्पपरिचित जातीच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा प्रश्न जातीच्या सीमांचाच असतो.

सुरुवातीला एक वाक्य लिहून ठेवा: ‘अमुक नावाखालच्या शीटांमध्ये एकाहून अधिक जाती आहेत असं वाटतं, कारण अमुक.’ या ‘कारण’पुढे काही लिहिता आलं नाही तर विषय अजून कच्चा आहे.

नावांची खतावणी-वही

शीट मागवण्याआधी त्या गटात आजवर दिलेली सगळी नावं एका तक्त्यात उतरवा. आयपीएनआय या निर्देशांकात नावं आणि ती कुठे छापली हे मिळतं. लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’मध्ये आज कोणतं नाव स्वीकारलेलं आहे ते कळतं. मिसूरीच्या उद्यानाचा ट्रॉपिकॉस हा डेटाबेस पडताळणीसाठी उघडून ठेवा. हे तिन्ही वाटाडे आहेत, पुरावे नव्हेत. पुरावा म्हणजे मूळ वर्णन छापलेलं पान, म्हणजे प्रोटोलॉग. जुनी पुस्तकं ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर फुकट वाचता येतात. प्रत्येक नावासाठी ते पान उघडून पाहायचंच, यात सूट नाही.

यामसाठी दोन मोठे ग्रंथ टाळता येत नाहीत. बर्लिनच्या रीनहार्ड क्नूथने १९२४ मध्ये सगळ्या जगातल्या डायोस्कोरिएसी कुलाचा आढावा घेतला. डेव्हिड प्रेन आणि आयझॅक हेन्री बर्किल यांनी पूर्वेकडच्या जातींवर १९३६ पासून कलकत्त्याच्या उद्यानाच्या ग्रंथमालेत दोन भाग काढले. दोन्ही आजही हाताशी लागतात. दोन्हींशी आज असहमत होण्यासारखंही बरंच आहे.

प्रोटोलॉग वाचताना तारखा तपासा, कारण नियम तारखेप्रमाणे बदलतात. वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम (आधी छापलेल्या नावाचा मान पहिला) १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियसच्या ‘स्पीशीज प्लांटारम’पासून मोजतात. १ जानेवारी १९३५ ते २०११ अखेर नव्या जातीला लॅटिन वर्णन किंवा निदान सक्तीचं होतं. ते नसेल तर नाव वैध नाही. १९५३ पासून नव्या जोडनावासाठी (जुना शब्द नव्या जीनसमध्ये किंवा दर्जात आणून केलेल्या नावासाठी) मूळ नावाचा पान आणि सालासकट पूर्ण संदर्भ द्यावा लागतो. १९५८ पासून टाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं तो नमुना, सांगणं बंधनकारक झालं. २०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजी चालतं. मराठीत कितीही सुरेख वर्णन लिहिलं तरी त्याने नाव वैध होत नाही, ही आपल्यासाठी थोडी बोचरी गोष्ट.

याच टप्प्यावर आणखी एक चाळणी लावा. शीटवर कुणीतरी शाईने लिहिलेलं नाव हे अजून नाव नसतं. ते कुठेतरी वर्णनासह छापलं गेलेलं असावं लागतं. यामच्या कपाटांत अशी कधीच न छापलेली नावं भरपूर भेटतात. ती वहीत वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण संकलकाच्या मनात काय होतं हे त्यांवरून कळतं. अग्रक्रमाच्या हिशेबात मात्र ती धरू नका.

शीट कुठे आहेत

न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन चालवत असलेल्या ‘इंडेक्स हर्बेरिओरम’मध्ये तीन हजारांहून अधिक हर्बेरियमची नोंद आहे. प्रत्येकाला अक्षरांचा संकेत असतो: क्यूला ‘के’, पॅरिसला ‘पी’, लायडनला ‘एल’, हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियमला ‘सीएएल’. मूळ वर्णनात संकलकाचं नाव आणि क्रमांक असेल तर तोच क्रमांक घेऊन सगळीकडे शोधा. जुने संकलक एकाच वेलीच्या पाच-सहा फांद्या वाळवून वेगवेगळ्या संस्थांना पाठवत. ही दुय्यम शीटं पुढे फार उपयोगी पडतात. जीबीआयएफ आणि जेस्टोर ग्लोबल प्लँट्स या ऑनलाइन संग्रहांवर स्कॅन मिळतात, पण शोध जातीच्या नावाने न करता संकलक आणि क्रमांकाने करा. जातीच्या नावाने शोधलं तर चुकीच्या नावाखाली पडलेली शीट कधीच सापडणार नाही, आणि तुम्हाला हवी असते नेमकी तीच.

‘अनिश्चित डायोस्कोरिया’ असं लिहिलेल्या फोल्डरमध्ये हात घालायला विसरू नका. सगळ्यात रंजक शीटं तिथेच असतात.

स्कॅनवर किती विसंबायचं? पानांचा आकार, शिरांची संख्या, लेबलं, फुलोऱ्याची लांबी एवढ्यासाठी चांगलं स्कॅन पुरतं. पुंकेसर, लव, ग्रंथी यांसाठी शीट समोर आणि स्टिरिओ सूक्ष्मदर्शक हातात हवा.

एक काळजीचा मुद्दा. जुन्या शीटांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड चोपडत असत, आणि त्यातला पारा अजून कागदात असतो. हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा, शीटशेजारी खाणं-पिणं नको.

लेबल वाचणं

नवशिक्या माणसाचा डोळा थेट पानांकडे जातो. मी आधी लेबल वाचायला सांगेन. तारखेत महिना रोमन अंकात असू शकतो, दिवस-महिन्याचा क्रम देशागणिक उलटा असू शकतो, उंची फुटांत असू शकते. गावाचं नाव संकलकाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. त्याच संकलकाच्या आदल्या आणि नंतरच्या क्रमांकांची शीटं शोधा. दोन दिवसांपूर्वी तो कुठे होता आणि तीन दिवसांनी कुठे पोचला हे कळलं की मधलं ठिकाण नकाशावर बऱ्यापैकी बांधून काढता येतं.

क्रमांक म्हणजे नेहमी संकलन-क्रमांकच असतो असंही नाही. वॉलिच या एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध यादीतले क्रमांक जातीनुसार दिलेले आहेत. एका क्रमांकाखाली वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या लोकांनी आणलेले नमुने ए, बी, सी अशा अक्षरांनी लावलेले असतात. नुसता क्रमांक जुळला म्हणून दोन शीटं एकाच वेलीची ठरत नाहीत.

एकाच शीटवर तीन-चार लेबलं आणि निर्धारण-चिठ्ठ्या (जात ओळखून नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या) असल्या तर प्रत्येकीचं अक्षर कोणाचं ते ओळखायचा प्रयत्न करा. जात वर्णिणाऱ्या माणसाने हीच शीट पाहिली होती का, या कळीच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हस्ताक्षरातच मिळतं.

आता वेल

यामचा अभ्यास अवघड होण्याची कारणं ठरलेली आहेत. बहुतेक जातींत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. म्हणजे एका शीटवर नरफुलं, दुसऱ्या शीटवर बोंडं, आणि दोन्ही एकाच जातीच्या आहेत याची हमी कुणीच दिलेली नसते. जमिनीतला कंद खणून काढायला वेळ लागतो आणि तो दाबून वाळवता येत नाही, म्हणून शीटवर तो जवळपास कधीच नसतो. शिवाय वेलीच्या खालच्या भागातली पानं आणि फुलोऱ्याजवळची पानं वेगळी दिसतात.

शेवटच्या गोष्टीचं एक नेहमीचं उदाहरण घ्या. डायोस्कोरिया पेंटाफिलाच्या खालच्या पानांना पाच पर्णिका असतात, पण फुलोऱ्याच्या फांदीवर तीनच पर्णिकांची पानं सर्रास येतात. फक्त वरची फांदी तोडून वाळवली असेल तर ती शीट तीन पर्णिकांच्या डायोस्कोरिया हिस्पिडाच्या गठ्ठ्यात जाऊन बसते. पानांवर वाद घालत बसू नका, नरफूल उघडा. पेंटाफिलात तीन पुंकेसर कामाचे आणि तीन वांझ असतात. हिस्पिडात सहाही कामाचे. वाद मिटला.

फूल उघडण्याची पद्धत साधी आहे. आधी संस्थेची परवानगी घ्या. शीटला चिकटवलेल्या पाकिटात सुटी पडलेली फुलं असतील तर आधी ती पाहा, पण ती खरंच त्याच फांदीची आहेत ना हे ताडून घ्या. एक-दोन फुलं उकळीजवळच्या गरम पाण्यात, भांडी घासायच्या द्रवाचा थेंब टाकून, काही मिनिटं ठेवा. ती मऊ होऊन फुलतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक सुयांनी परिदलं (पाकळ्यांसारखी दलं) बाजूला करा. यामचं नरफूल जेमतेम काही मिलिमीटरचं असतं, हात थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकवा. पुंकेसर किती, ते कुठे जोडलेत, वांझ आहेत का, मध्ये वांझ अंडाशयाचा अवशेष आहे का, हे लगेच चित्र काढून नोंदवा. तुकडे नव्या पाकिटात घालून, तारीख टाकून, शीटलाच परत लावा. भिजवलेल्या फुलाची मापं सुक्या फुलाच्या मापांशी कधी मिसळू नका. कोणतं माप कशाचं ते तक्त्यात लिहा.

वेल कोणत्या बाजूला वळते हे यामच्या वर्गीकरणातलं फार मोठं लक्षण आहे. कोनफळ एका दिशेने वेढे घेतं, करांदा उलट दिशेने, आणि ही दिशा जातीत ठरलेली असते. घोळ असा की ‘उजवी’ आणि ‘डावी’ हे शब्द जुन्या लेखकांनी वेगवेगळ्या अर्थांनी वापरलेत. म्हणून शब्द सोडा आणि दिसतं ते लिहा. खोड उभं समोर धरलं असता आधाराच्या पुढच्या बाजूचे वेढे खालून डावीकडून वर उजवीकडे चढतात, की उजवीकडून डावीकडे? शीटवर फांदी उलटी चिकटवलेली असली तरी काळजी नाही. मळसूत्र उलटं धरलं तरी त्याची दिशा तीच राहते. जुन्या निगेटिव्हवरून छापलेला फोटो मात्र आरशातल्यासारखा उलटा असू शकतो, तेव्हा आधी लेबल सरळ वाचता येतंय ना ते पाहा. आणि खोडाचा स्वतःभोवतीचा पीळ म्हणजे वेढा नव्हे. आधाराची काडी किंवा दुसरी फांदी वेढ्यात सापडली असेल तरच खात्रीने लिहा, एरवी रकाना रिकामा ठेवा.

मादी शीटवर पक्कं बोंड असेल तर ते सोनं समजा. यामच्या बहुतेक जातींत बोंडाला तीन पंख असतात आणि बियांनाही पातळ पंख असतो. तो पंख बीच्या चहू बाजूंनी आहे की एकाच टोकाला, यावरून वेल कोणत्या उपगटातली ते बहुतेक ठरतं. कोनफळात तो चहू बाजूंनी असतो, करांद्यात एका टोकाला. बोंडाची लांबी जास्त की रुंदी, तेही मोजा.

बाकीची लक्षणं: खोड गोल की कोनदार की पंखाचं, काटे आहेत का, पानं समोरासमोर की एकाआड एक (वेलीच्या खालच्या आणि वरच्या भागात हे बदलू शकतं, त्यामुळे कुठलं पान ते लिहा), तळापासून निघणाऱ्या मुख्य शिरा किती, लव कोणत्या प्रकारची, देठाच्या तळाशी काय आहे, पानांच्या बगलेत हवाई कंद आहेत का. हवाई कंद नसले म्हणून ते जातीतच नसतात असं धरू नका. संकलनाचा हंगाम वेगळा असू शकतो.

जिथे लागवड झाली आहे तिथल्या नमुन्यांशी जपून वागा. कंदाचा रंग आणि आकार यांवरून जाती पाडण्याचा मोह जुना आहे. रॉक्सबर्ग या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेली डायोस्कोरिया ग्लोबोसा, पर्पुरिया, रुबेला ही नावं आज सगळी कोनफळाची, म्हणजे डायोस्कोरिया अलाटाची, समनामं आहेत. माणसाने निवडून जोपासलेला फरक आणि निसर्गात टिकलेला फरक वेगळे धरायला हवेत.

गठ्ठे पाडा, नावं झाकून

सगळ्या शीटांची लक्षणं एका तक्त्यात आली की शीटांवरची नावं खरोखर झाका, कागदाची पट्टी चालेल. मग लक्षणांवरून गठ्ठे पाडा. नर आणि मादी शीटांचे गठ्ठे आधी वेगळेच पाडायचे, आणि नंतर त्यांची जोडी लावायची. जोडी लावताना दोन्ही लिंगांत सारख्या असणाऱ्या गोष्टींवर भर: खोड, लव, शिरा, ग्रंथी, वळण्याची दिशा. एकाच संकलकाने, एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, लागोपाठच्या क्रमांकांखाली नर आणि मादी घेतली असेल तर तो भक्कम दुवा. तरीही तो सिद्ध पुरावा नाही. जंगलाच्या एकाच कडेला यामच्या दोन-तीन जाती एकमेकींत गुंतलेल्या असू शकतात, आणि संकलकाने दोन वेगळ्या वेलींच्या फांद्या एकाच क्रमांकाखाली बांधल्याचं कपाटात अनेकदा दिसतं.

गठ्ठे वेगळे राहण्यासाठी मला किमान दोन लक्षणं हवीत, एकमेकांवर अवलंबून नसलेली, आणि दोन्हींत मधली अवस्था न सापडणारी. पानांची रुंदी आणि पानांची लांबी ही दोन लक्षणं नव्हेत. पुंकेसरांची संख्या आणि खोडावरची लव ही दोन लक्षणं होतात. सगळ्या शीटांची मापं आलेखावर मांडा. ठिपक्यांचा एकच लांबट ढग दिसला तर जात एकच, मग तिची दोन टोकं कितीही वेगळी दिसोत. हातात शीटं कमी असतील तर हा निकष अजून कडक करा. चार शीटांवर नवी जात वर्णिणारे भेटतात, आणि अशी नावं पुढच्या पिढीच्या डोक्याला ताप होतात. शंका असेल तर ‘जाती अ, अनिर्णित’ असं लिहून ठेवण्यात कमीपणा नाही.

टाइप: नाव कुठल्या खिळ्याला टांगलंय

आता नावांवरची पट्टी काढा. प्रत्येक नाव एका टाइपशी बांधलेलं असतं, आणि तो टाइप ज्या गठ्ठ्यात पडतो त्या गठ्ठ्याला ते नाव लागतं. टाइप जातीचा ‘नमुनेदार’ प्रतिनिधी असायची गरज नाही. तो जातीतला सगळ्यात विचित्र दिसणारा नमुनाही असू शकतो.

होलोटाइप, म्हणजे मूळ लेखकाने टाइप म्हणून ठरवलेला एकच नमुना, स्पष्ट सांगितलेला आणि जागेवर असेल तर काम सोपं. जुन्या यामच्या बाबतीत असं सुख क्वचित. बहुतेक वेळा लेखकाने तीन-चार क्रमांक दिलेले असतात आणि टाइप कुठला ते सांगितलेलं नसतं. अशा सगळ्या शीटा सिनटाइप. त्यातली एक तुम्हाला लेक्टोटाइप, म्हणजे नंतर निवडलेला टाइप, म्हणून निवडावी लागते. आधी कुणी निवडली असेल आणि ती नियमाला धरून असेल तर ती तुमच्यावर बंधनकारक आहे, म्हणून नंतरचं साहित्य नीट चाळा. पूर्वीच्या निवडीत एकाच क्रमांकाच्या दोन शीटा एकत्र येत असतील, तर दुसऱ्या पायरीत त्यातली एक निश्चित करता येते.

नर आणि मादी सिनटाइप वेगळे असतील तर कोणता घ्यायचा? हा यामचा खास पेच. माझा कल असा: जवळच्या नातलग जातीपासून फरक ज्या लिंगात स्पष्ट दिसतो, ते घ्या. फरक पुंकेसरांत असेल तर नर, बोंडात असेल तर मादी. मूळ वर्णनात लेखकाने कशावर भर दिलाय तेही पाहा. आणि दोन सिनटाइप दोन वेगळ्या जातींचे निघाले तर मूळ वर्णनाशी जास्त जुळणारा निवडा. त्यातून रुळलेलं नाव जागेवर राहिलं तर आणखी चांगलं.

मग येतं बर्लिन. १ मार्च १९४३ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात तिथलं हर्बेरियम जळालं, आणि क्नूथने हाताळलेल्या यामच्या कित्येक मूळ शीटा त्यात गेल्या. मनिलाचा संग्रह १९४५ च्या लढाईत नष्ट झाला. म्हणून बर्लिनचा ‘बी’ हा संकेत दिसला की आधी ती शीट वाचलीये का ते विचारा, मग दुय्यम शीटांचा शोध सुरू करा. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९२९ पासून जे. फ्रान्सिस मॅकब्राइडकडून युरोपातल्या टाइपांचे फोटो काढून घेतले होते, त्यात बर्लिनचेही आहेत. जळालेल्या शीटवर कोणती फांदी होती हे त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत दिसतं, आणि इतरत्र सापडलेली शीट खरंच तिची जोडीदार आहे का ते ताडता येतं.

होलोटाइप नष्ट झाला असेल तर क्रम ठरलेला आहे. आयसोटाइप (होलोटाइपची दुय्यम शीट) असेल तर त्यातूनच लेक्टोटाइप निवडायचा. नसेल तर सिनटाइप, तेही नसतील तर लेखकाने वापरलेलं इतर मूळ साहित्य, चित्रं धरून. काहीच उरलं नसेल तेव्हाच निओटाइप, म्हणजे मूळ साहित्याबाहेरून निवडलेला टाइप. निओटाइपची घाई करू नका, कारण पुढे कुठल्यातरी कपाटात आयसोटाइप निघाला की तुमची निवड मोडते. रॉक्सबर्गसारख्यांच्या नावांना कधी फक्त रंगीत चित्रच उरलेलं असतं. चित्रावरून निर्णायक लक्षण दिसत नसेल तर आधाराला एक चांगला नमुना एपिटाइप म्हणून जोडता येतो.

निवड छापताना २००१ पासूनचा नियम पाळा. ‘इथे निवडला आहे’ या अर्थाचे ठरलेले शब्द लिहिले नाहीत तर निवड धरली जात नाही. हर्बेरियमचा संकेत आणि शीटचा बारकोड दोन्ही द्या.

डीएनए हवा का?

असला तर छान, नसला तरी काम अडत नाही. जुन्या शीटांतला डीएनए तुटून बारीक तुकडे झालेला असतो, म्हणून लांब पट्टे वाचण्याच्या जुन्या पद्धती अडखळतात. ३५३ जनुकांचा ‘अँजिओस्पर्म्स ३५३’ हा २०१९ पासूनचा संच छोट्या तुकड्यांवरही चालतो. पान हिरवट राहिलेलं असेल तर आशा जास्त. अल्कोहोल मारून वाळवलेली, काळी पडलेली पानं बहुधा निराश करतात. तुकडा कापण्याची लेखी परवानगी घ्या, टाइपवरून शक्यतो घेऊच नका. यामसाठी डीएनएचा खरा फायदा नर आणि मादी शीटांची जोडी पक्की करण्यात आहे. नव्याने पान गोळा करणार असाल तर २०१४ पासून लागू असलेला, जैविक साधनसंपत्तीच्या वापराबद्दलचा नागोया करार आणि त्या देशाचे कायदे पाळावे लागतात. डायोस्कोरिया डेल्टॉइडिया तर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे.

नकाशा

प्रत्येक शीटला अक्षांश-रेखांश द्या आणि सोबत चुकीची शक्यता किती किलोमीटर तेही लिहा. फक्त जिल्ह्याचं नाव असेल तर ठिपका जिल्ह्याच्या मधोमध टाकून मोकळं होऊ नका. जातीचा धोका ठरवताना आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या पद्धतीत जातीने प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांनी मोजतात, आणि त्यासाठी जिओकॅट हे मोफत साधन पुरतं. पण शंभर वर्षं जुन्या ठिपक्यांवर आजचा धोका ठरवणं धाडसाचं आहे.

तारखांचा आणखी एक उपयोग होतो. नरफुलं कोणत्या महिन्यात, बोंडं कोणत्या महिन्यात, हे शीटांवरूनच काढा आणि त्या हंगामात जागेवर जाऊन शोधा. कंद, त्याची खोली आणि आकार यांबद्दल शीट गप्प असते, ते तिथेच कळतं.

निर्णय आणि छपाई

आता गठ्ठे आणि टाइप समोरासमोर ठेवा. एका गठ्ठ्यात दोन टाइप पडले तर जुनं नाव टिकतं, नवं त्याचं समनाम होतं. एका गठ्ठ्यात एकही टाइप नसेल तरच नवी जात. उपप्रकाराला जातीचा दर्जा देताना फसगत होते ती इथे: अग्रक्रम दर्जाच्या आतच चालतो. १८९० चा उपप्रकार जात म्हणून उचलायचा असेल आणि त्याच गठ्ठ्याला १९२४ मध्ये जात म्हणून नाव मिळालेलं असेल, तर १९२४ चंच नाव घ्यावं लागतं. दुसऱ्या जीनसमधून नाव आणताना डायोस्कोरियात तो शब्द आधीच वापरलेला आहे का ते पाहा. सहाशे जातींच्या आणि त्याहून कितीतरी जास्त नावांच्या जीनसमध्ये चांगले लॅटिन शब्द बहुतेक संपलेलेच असतात. मग पर्यायी नवं नाव द्यावं लागतं. डायोस्कोरिया स्त्रीलिंगी आहे, विशेषणाचं शेपूट त्याप्रमाणे बदला.

नियमांची ताजी आवृत्ती म्हणजे २०२४ च्या माद्रिद काँग्रेसनंतर २०२५ मध्ये आलेली संहिता. प्रकाशनाआधी संबंधित कलमं त्यात वाचून घ्या, आठवणीवर जाऊ नका. लेखात ओळखण्याची किल्ली द्या, नर आणि मादी दोन्हींची स्वतंत्र चित्रं द्या, आणि पाहिलेल्या प्रत्येक शीटची यादी द्या: संकलक, क्रमांक, हर्बेरियम, बारकोड. स्वतः पाहिलेल्या शीटांपुढे उद्गारचिन्ह घालायची जुनी रीत चांगली आहे. स्कॅन पाहिलं असेल तर तसं लिहा.

छापून झालं की शीटांकडे परत या. प्रत्येक शीटवर नवी निर्धारण-चिठ्ठी लावा: नाव, तुमचं नाव, वर्ष. आम्लरहित कागद, मोकळी जागा, आणि जुन्या लेबलावर एक अक्षरही लिहायचं नाही, ते कितीही चुकीचं असो. ज्या दुय्यम शीटा तुम्ही फक्त स्कॅनवर पाहिल्या त्या संस्थांच्या क्युरेटरना बारकोडसकट यादी पाठवा. ती यादी त्यांच्या डेटाबेसमध्ये चढल्याशिवाय जीबीआयएफवर जुनंच नाव दिसत राहतं, आणि पुढचा अभ्यासक त्याच चुकीच्या फोल्डरपासून सुरुवात करतो. सहा महिन्यांनी एकदा आठवण करून द्या. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पत्रानंतर काम होतं.